प्रकाश कुठून येतो, नोंद कुठे जाते

सिल्वासात राहणाऱ्या मराठी वाचकाला मनाजोगते पुस्तक हवे असले, की तो वापीहून गाडी पकडून ठाणे-मुंबई गाठतो, नाहीतर नाशिकच्या कुणा नातेवाइकाला सांगून ठेवतो. पिपरिया, मसाट, खडोली, राखोली या पट्ट्यातल्या कापडाच्या, यार्नच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांमुळे खानदेश, नाशिक, कोकणातली कितीतरी कुटुंबे इथे स्थिरावली आहेत. अशा घरांमधून हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो: डोळ्यांना त्रास होणार नाही असा, फक्त वाचायला, टॅबलेट कुठला घ्यावा? विचारणाऱ्यांत चाळिशीचा चष्मा लागलेले असतात, रात्रपाळी करून आल्यावर दोन पाने वाचल्याशिवाय झोप न येणारे असतात आणि मुलांच्या डोळ्यांची काळजी करणारे आईबापही असतात.

या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा स्क्रीनपाशीच थांबतात. पण वाचनाचा टॅबलेट हे दुहेरी यंत्र आहे. आपण त्यातून पुस्तक वाचतो आणि अनेकदा ते यंत्र आपले वाचन टिपून घेते. म्हणून घेताना दोन गोष्टी एकत्र तोलायला हव्यात: स्क्रीनवरचा प्रकाश कुठून येतो, आणि आपल्या वाचनाची नोंद कुठे जाते. पहिलीकडे लक्ष देऊन दुसरी सोडली, तर डोळे निवतील, पण आपण काय वाचतो हे आपल्यापुरते राहणार नाही.

डोळे का दमतात

स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात. एरवी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा मिटणारी पापणी स्क्रीनपुढे निम्म्याहूनही कमी वेळा मिटते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरू लागतात. दुसरे कारण डोळ्यातल्या स्नायूचे. जवळचे नीट दिसावे म्हणून भिंगाचा आकार बदलणारा स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो. चाळिशीच्या सुमारास भिंगाची लवचीकता कमी होते आणि बारीक अक्षर वाचताना ताण वाढतो. तिसरे कारण उजेडाच्या तफावतीचे. अंधाऱ्या खोलीत भगभगीत स्क्रीन असेल, किंवा चकचकीत काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत असेल, तर डोळ्यांना सतत जुळवून घ्यावे लागते.

जाहिरातींत सगळा दोष निळ्या प्रकाशावर टाकलेला असतो. पुरावा तसे सांगत नाही. स्क्रीनमधून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला आधार नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था सांगते. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या 17 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केला. अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात तरी बहुधा कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

झोपेची गोष्ट वेगळी आहे. बोस्टनच्या संशोधकांनी 2014 मध्ये 12 जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी काही तास प्रखर स्क्रीनवर वाचणाऱ्यांच्या शरीरात मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक कमी झाले आणि छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटे जास्त लागली. चाचणी लहान होती आणि स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवलेली होती. तरी रात्री वाचणाऱ्याने उजेड कमी आणि पिवळसर ठेवावा, एवढे त्यातून नक्की घ्यावे. पाळीत काम करणाऱ्यांची झोप आधीच विस्कटलेली असते, त्यांनी तर आवर्जून.

पडद्यांचे प्रकार

नेहमीच्या एलसीडी टॅबलेटमध्ये पडद्याच्या मागे दिवे असतात आणि त्यांचा प्रकाश थेट डोळ्यांत येतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्यातला काळा रंग गडद दिसतो, पण उजेड कमी केला की अनेक ओएलईडी स्क्रीन दर सेकंदाला शेकडो वेळा लागतात आणि विझतात. डोळ्यांना ही उघडझाप दिसत नाही, तरी काही जणांचे डोके त्याने दुखते. दुकानात ती पकडता येते. टॅबलेटचा उजेड अगदी कमी करा, आपल्या मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडवर घ्या आणि शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवून स्क्रीनकडे रोखा. काळे पट्टे सरकताना दिसले, तर स्क्रीनची उघडझाप चालू आहे असे समजा.

एलसीडीवरच खरखरीत, मॅट थर देऊन कागदासारखा पोत आणणारे टॅबलेटही मिळतात. टीसीएल कंपनीची नेक्स्टपेपर मालिका त्यातली. त्यांच्यावर प्रतिबिंब कमी पडते, व्हिडिओ चालतो, रंग दिसतात. मात्र प्रकाश मागूनच येतो. अमेरिकेतल्या डेलाइट कंपनीने 2024 मध्ये वेगळी वाट धरली. तिच्या एलसीडीला बाहेरचा उजेड परावर्तित करता येतो आणि अंधारासाठी निळा प्रकाश नसलेला पिवळसर दिवा आहे. कल्पना चांगली आहे, पण यंत्र महाग आणि परदेशातून मागवण्याचे.

ई-इंक हा या सगळ्यांहून निराळा प्रकार. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन, बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट यांच्या कामातून तो आकाराला आला आणि 1997 मध्ये ई-इंक कंपनी स्थापन झाली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. दोन्हींचा विद्युतभार उलट. खालून योग्य भार दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात तेच रसायन. एकदा पान उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एका चार्जिंगवर ही यंत्रे कित्येक दिवस, कधी आठवडेही चालतात. सोनीचे लिब्रिए हे ई-इंकचे पहिले वाचनयंत्र 2004 मध्ये जपानमध्ये आले, अ‍ॅमेझॉनचे किंडल 2007 मध्ये.

खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांवर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चित्र अंगणातल्या उजेडात दिसते, भिंतीला स्वतःचा दिवा नसतो. ई-इंकचे पान तसेच दिसते. भर दुपारच्या उन्हात साधा टॅबलेट फिका पडतो आणि ई-इंक उलट अधिक स्पष्ट होतो. मात्र आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्यावा. दादरा नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरात दिवसाही काळोखी असते. ई-इंकचा पांढरा रंग मुळात वर्तमानपत्राच्या कागदासारखा करडा. तेव्हा पुढून उजेड देणारे, त्यातही पिवळसर छटा करता येणारे यंत्रच घ्यावे. हे दिवे चौकटीच्या कडेला असतात आणि त्यांचा प्रकाश पानावर पडून डोळ्यांकडे येतो.

ई-इंकच्या मर्यादाही आहेत. पान बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होते, आधीच्या अक्षरांची पुसट सावली मागे राहते, व्हिडिओ पाहण्यात मजा नसते. रंगीत ई-इंकमध्ये काळ्या-पांढऱ्या थरावर रंगाची जाळी बसवलेली असते. त्याने पान आणखी काळपट दिसते. कॅलेडो 3 या प्रकारात काळे अक्षर इंचाला 300 ठिपक्यांचे असते आणि रंगीत चित्र 150 ठिपक्यांचे. कादंबऱ्या वाचायच्या असतील तर काळे-पांढरेच बरे.

ई-इंक म्हटले की थकवा गेला, असेही समजू नये. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना 2012 मध्ये ई-इंक आणि चांगल्या एलसीडीवरच्या वाचनात थकव्याचा लक्षणीय फरक आढळला नाही. 2013 मध्ये फ्रान्समधल्या गटाला मात्र एलसीडीवर थकवा जास्त आढळला. याचा सरळ अर्थ असा, की अक्षर रेखीव असणे, ते पुरेसे मोठे करता येणे आणि उजेड खोलीशी जुळणे या गोष्टींना स्क्रीनच्या प्रकाराइतकेच महत्त्व आहे. टॅबलेट घेण्यापूर्वी डोळे तपासून चष्म्याचा नंबर नीट करून घेणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद वीसएक फुटांपलीकडे पाहण्याची सवयही फुकट लागते.

देवनागरीची परीक्षा

इंग्रजीत सुरेख दिसणारे यंत्र मराठीत अडखळू शकते. आपल्या लिपीत वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांवर बसतात. ती नीट जुळवण्याची सोय यंत्रात नसेल, तर मजकूर मोडतो. दुकानात जाताना एक वाक्य फाइलमध्ये घेऊन जा: ‘दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या पाण्याने दमणगंगेचे विस्तीर्ण पात्र भरले.’ या एका वाक्यात परीक्षा होते. ‘दऱ्या’मधला अर्धा र मराठीत वेगळा लिहितात, तो हिंदीपुरत्या बनवलेल्या फाँटमध्ये बिघडतो. ‘विस्तीर्ण’मधली वेलांटी अक्षराच्या पुढे गेली, किंवा ‘पात्र’च्या जागी ‘पात्‌र’ असे पाय मोडलेले अक्षर दिसले, तर ते यंत्र मराठी वाचनाच्या कामाचे नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहा. अनुस्वार आणि रफार एकाच अक्षरावर आल्यावर दोन्ही सुटे दिसायला हवेत. त्यासाठी इंचाला 300 ठिपके असलेली स्क्रीन उपयोगी पडते. स्वतःचा फाँट घालता येत असेल तर उत्तम. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे फुकट मिळणारे चांगले फाँट आहेत.

यापुढचा प्रश्न पुस्तकांच्या स्वरूपाचा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची, ई-साहित्य प्रतिष्ठानची आणि बालभारतीची फुकट मिळणारी पुस्तके मुख्यतः पीडीएफमध्ये असतात. पीडीएफचे पान छापील पानासारखे गोठलेले असते. सहा-सात इंची पडद्यावर ते बसवले की अक्षर मुंगीएवढे होते आणि चाळिशीवाल्याला पुन्हा डोळे ताणावे लागतात. त्यासाठी दहा इंचांच्या आसपासची स्क्रीन लागते. ईपब प्रकारचे पुस्तक मात्र अक्षर मोठे करताच नव्याने मांडले जाते. त्याला लहान स्क्रीन पुरते. बुकगंगासारख्या दुकानाचे ई-पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचावे लागते, म्हणजे अँड्रॉइड चालणारे यंत्र हवे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर 2016 पासून आहेत, पण ती किंडलच्या यंत्रावर किंवा अ‍ॅपवरच उघडतात. इथेच स्क्रीनचा प्रश्न आणि खासगीपणाचा प्रश्न एकमेकांत गुंततात.

वाचनावर कुणाची नजर

वाचनावर पहारा म्हणजे काय, हे या भूमीला ठाऊक आहे. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही उतरले होते. तोवर इथे सालाझारच्या पोर्तुगालची सत्ता होती आणि त्या सत्तेच्या मुलखात छापील शब्दावर सेन्सॉरचा शिक्का लागत असे. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा मंजूर करून घ्याव्या लागत. आजची कंपनी म्हणजे ती राजवट नव्हे. ती आपल्याला तुरुंगात टाकत नाही. पण माणूस काय वाचतो यावरून त्याचे आजारपण, कर्ज, श्रद्धा, राजकारण, घरातले ताणतणाव असे बरेच काही कळते. मधुमेहावरचे पुस्तक, घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक, युनियनच्या इतिहासाचे पुस्तक कुणी रात्री किती वाजता उघडले, ही माहिती वाचकाचीच असायला हवी.

ती किती बारीक टिपली जाते, याची उदाहरणे आहेत. 2020 मध्ये ‘गार्डियन’च्या एका पत्रकाराने अ‍ॅमेझॉनकडून स्वतःच्या किंडल वाचनाची नोंद मागवली. कुठले पुस्तक केव्हा उघडले, कुठल्या ओळीवर खूण केली, असे सगळे वेळेसकट हाती आले. ऑक्टोबर 2014 मध्ये अ‍ॅडोबीचे ई-पुस्तके वाचण्याचे सॉफ्टवेअर वाचनाचा तपशील उघड्या मजकुरात कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवत असल्याचे उघडकीस आले. वाटेत कुणालाही तो वाचता आला असता.

नोंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न ताब्याचा. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका विद्यार्थ्याने पुस्तकाच्या आधाराने केलेली टिपणे निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला आणि कंपनीने दीड लाख डॉलरवर तडजोड केली. 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. पैसे मोजले तरी पुस्तक आपल्या कपाटात येत नाही, दुकानाच्या कपाटातून वाचायची परवानगी मिळते.

यावर उपाय म्हणून लोक अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक टॅबलेट घेतात. त्यात हवे ते अ‍ॅप टाकता येते, पण नोंदीची दारे वाढतात. गूगलचे खाते, कंपनीची स्वतःची क्लाउड सेवा, हस्ताक्षर ओळखणारी सोय, कीबोर्ड, बोलके एआय सहायक, आणि प्रत्येक अ‍ॅपचा स्वतःचा हिशेब. हाताने लिहिलेली टिपणे कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातात, आणि सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील, हे घेण्यापूर्वी विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर न मिळणारे यंत्र बँकेच्या कामाला कधीही वापरू नये.

कायदा आपल्या बाजूने उभा राहू लागला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आपली माहिती मागण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा अधिकार त्यात आहे. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची खातरजमा केलेली संमती लागते आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला सर्वसाधारण मनाई आहे. पालकांनी मुलाच्या टॅबलेटवर खोटी जन्मतारीख टाकली, तर हे संरक्षण आपल्याच हाताने काढून टाकल्यासारखे होते.

कुणी काय घ्यावे

आधी आपण काय वाचणार ते ठरवावे, मग यंत्र. मुख्यतः कादंबऱ्या, चरित्रे, कथासंग्रह वाचणाऱ्याला सहा-सात इंची काळे-पांढरे ई-इंक यंत्र पुरेसे आहे. किंडल पेपरव्हाइटची सात इंची आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये भारतात 16,999 रुपयांना आली. ते घेतले तरी वाचनाचा हिशेब कमी करता येतो. वाचनासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवावा, पुस्तक उतरवून झाले की विमान मोड लावावा, आणि फुकटची किंवा कुलूप नसलेली पुस्तके केबलने टाकावीत. किंडल केबलने टाकलेले ईपब थेट वाचत नाही, ते आधी कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्यावे लागते. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने 2006 मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभर वापरला जातो. वाय-फाय पुन्हा लावल्यावर साठलेल्या नोंदी जाऊ शकतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खासगीपणा अग्रक्रमाने हवा असेल, तर कोबो किंवा पॉकेटबुकसारख्या, ईपब थेट वाचणाऱ्या यंत्रांचा विचार करावा. त्यांवर कोरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर टाकता येते आणि योग्य फाँट दिला की ते देवनागरीही मांडते. अडचण सेवेची आहे. भारतात अधिकृत विक्री नसलेले यंत्र बिघडले तर सिल्वासाचाच काय, वापी-सुरतचा दुकानदारही हात लावणार नाही. आयात शुल्क आणि हमीचा अभाव किमतीत धरूनच निर्णय घ्यावा.

पीडीएफ, पाठ्यपुस्तके, स्कॅन केलेले जुने ग्रंथ आणि मराठी दुकानांची अ‍ॅप हवी असणाऱ्याला दहा इंचांच्या आसपासचा अँड्रॉइड ई-इंक किंवा मॅट एलसीडी टॅबलेट घ्यावा लागेल. त्यात बँकेचे, समाजमाध्यमांचे अ‍ॅप टाकू नये. क्लाउड आणि एआयच्या सोयी पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. नेटगार्डसारखे अ‍ॅप वापरून कुठल्या अ‍ॅपला इंटरनेट मिळावे हे आपण ठरवावे. वाचायच्या अ‍ॅपला बहुधा त्याची गरजच नसते. मुलांसाठी तर महागड्या स्क्रीनपेक्षा रोज तासदीड तास मोकळ्या हवेतले खेळणे अधिक मोलाचे आहे. बाहेरच्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे पाहण्याचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे.

पैसे देण्याआधी दुकानदाराला एक गोष्ट करून दाखवायला सांगा: यंत्र विमान मोडवर ठेवून, कुठलेही खाते न जोडता, केबलने टाकलेले आपले मराठी पुस्तक उघडून दाखवा. ते उघडले आणि ‘दऱ्याखोऱ्यां’मधले अक्षर शाबूत दिसले, तर ते यंत्र आधी तुमचे आणि मग कंपनीचे. नाही उघडले, तर स्क्रीन कितीही शांत असली तरी तुम्ही यंत्राबरोबर पहाराही विकत घेत आहात, हे जाणूनच पैसे मोजा. पाच-दहा मिनिटांची ही तपासणी प्रत्येक ग्राहकाने मागितली, तर दुकानदार ती कंपनीकडे मागेल. एकट्यादुकट्याच्या खबरदारीने जे होत नाही, ते अशा सततच्या मागणीने होते.